बिजागरीखालची अक्षरं

अण्णाकाका बोटीवर होते. म्हणजे मर्चंट नेव्हीत रेडिओ ऑफिसर. पण रत्नागिरीत आमच्या आळीत ‘बोटीवर’ म्हटलं की पुढचं कुणी विचारत नसे. दहा-अकरा महिन्यांनी ते घरी आले की पेटीतून काय काय निघायचं. नायलॉनच्या साड्या, दाढीची पाती, बिस्किटांचे पत्र्याचे डबे, आणि १९७३ साली तपकिरी चामड्याच्या खोक्यात दुर्बीण. माडीच्या खिडकीतून दीपगृहाचा मनोरा मी तिच्यातून पहिल्यांदा पाहिला, तेव्हा वरच्या कठड्याला टेकलेला एक माणूस दिसला. तो कान खाजवत होता. तेवढ्यात माझी पाळी संपली, दुर्बीण चुलतभावाच्या हातात गेली आणि त्या माणसाच्या कानाचं पुढे काय झालं ते कळलंच नाही.

दुर्बिणीवर पांढऱ्या अक्षरांत ‘प्रिन्झ’ लिहिलेलं होतं. त्यावरून बाबा आणि काका यांचा वाद दर सुट्टीत एकदा तरी व्हायचा. बाबांचं म्हणणं, नाव जर्मन आहे, त्या अर्थी काचा जर्मन. काका म्हणायचे, मी लंडनला रोख पौंड मोजलेत, माल विलायती आहे. काका तोवर कोबेला आणि योकोहामाला चार-पाच वेळा जाऊन आले होते. ट्रान्झिस्टर तिथून आणला, काकूची घडीची छत्री तिथून आणली. पण दुर्बीण ‘चांगलीच घ्यायची’ म्हणून लंडनच्या फेरीपर्यंत थांबले. ती उलटी करून, बिजागरीखाली काय कोरलंय ते वाचावं, असं त्या घरात कुणाला सुचलं नाही. मलाही नाही. मी तर नुसती पाळीची वाट बघत असे.

काका गेल्यावर काकूने ती माझ्याकडे दिली. खोकं उघडलं तर चामड्याला हिरवट पूड आणि आत डांबरगोळ्यांचा वास. डोळ्याला लावली तर समोर दाट धुकं. कोकणात चामड्याच्या खोक्यात दुर्बीण ठेवणं म्हणजे बुरशीला भाड्याने खोली देण्यासारखं आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. चामडं दमट हवा धरून ठेवतं, बुरशी भिंगावर जाळं विणते आणि फार दिवस राहिली तर काचच खाते. पुण्यात बुधवार पेठेत एका जिन्याखाली कॅमेरे दुरुस्त करणारे एक गृहस्थ बसतात. त्यांनी ती हातात घेतली, एकदाही डोळ्याला लावली नाही, सरळ उलटी केली. मोठ्या भिंगांच्या बाजूने, बिजागरीच्या टोकाशी, डोळ्यात घालायचं भिंग लावून बघितलं आणि म्हणाले, “ताई, जपानी आहे ही. हे बघा, जेबी.”

चाळीस वर्षांचा वाद तीन सेकंदांत मिटला. आणि माझ्या मागे एक नवीन व्याप लागला.

‘प्रिन्झ’ हे डिक्सन्स या ब्रिटिश दुकानमालिकेचं घरचं नाव. कॅमेरे, फ्लॅश, दुर्बिणी, जे काही जपानहून मागवायचं त्यावर हे नाव घालून विकायचं. नाव जर्मन वाटतं, कारण ते तसं वाटावं म्हणूनच ठेवलेलं. युद्ध संपून पंधरा-वीस वर्षं झाली तरी गिऱ्हाइकाच्या मनात चांगली काच म्हणजे जर्मन काच, हे पक्कं बसलेलं होतं. म्हणजे बाबा फसले तेही बरोबर ठिकाणी आणि काका फसले तेही बरोबर ठिकाणी. अमेरिकेत हाच प्रकार टास्को, बुशनेल, स्विफ्ट, जेसन, सेल्सी, सिअर्स अशा नावांनी चालला होता. एकाच कारखान्यातून निघालेली, शेवटच्या स्क्रूपर्यंत सारखी दुर्बीण मायामीत एका नावाने, बोस्टनमध्ये दुसऱ्या आणि लंडनमध्ये तिसऱ्या नावाने विकली जायची. पितळी भांड्यावर दुकानदार नाव घालून देतो आणि तांबट आळीत ते कुणी ठोकलं हे गिऱ्हाईक विचारत नाही, तसंच हे. वर ठळक अक्षरांत असतो तो विकणारा. बनवणारा असला तर बिजागरीखाली असतो, तांदळाच्या दाण्याएवढ्या अक्षरांत.

त्या अक्षरांचा अर्थ असा. युद्धानंतर जपानने परकीय चलन मिळवायला ज्या वस्तू जगभर पाठवल्या, त्यात दुर्बिणी होत्या. पहिल्यापहिल्यांदा त्यांत रद्दी मालही बराच असे आणि ‘मेड इन जपान’ म्हणजे स्वस्तातला टाकाऊ माल, अशी बाहेर प्रसिद्धी होती. ती पुसायला सरकारने निर्यातीच्या मालावर तपासणी बसवली. १९५७ साली त्यासाठी वेगळा कायदाच झाला. दुर्बिणींसाठी जपान टेलिस्कोप्स इन्स्पेक्शन इन्स्टिट्यूट ही संस्था होती. माल तिच्या परीक्षेला उतरला की ‘पास्ड’ असं छापलेलं छोटंसं सोनेरी लंबगोल लेबल चिकटायचं. साठ-सत्तरच्या दशकातल्या जपानी दुर्बिणीवर हे लेबल शाबूत सापडलं की मला हापूसच्या पेटीत एकही डागी आंबा न निघाल्यासारखा आनंद होतो. काकांच्या दुर्बिणीवर लेबल उरलेलं नाही, पण जिथे होतं तिथे लंबगोल आकाराचा डिंकाचा पिवळट डाग आहे. तोही पुरावाच. आणि ‘जेबी’ पुढचा आकडा हा दुर्बीण जुळवणाऱ्या कारखान्याचा नोंदलेला क्रमांक. जगभरातल्या हौशी लोकांनी या क्रमांकांच्या याद्या जमवल्यात. आकडा काढा, यादीत बोट फिरवा, कारखाना सापडतो.

ऐकायला सोपं आहे. आकडा वाचता आला तर.

या अक्षरांवर पन्नास वर्षं लोकांची बोटं फिरलेली असतात, घाम लागलेला असतो, एखाद्याने दुरुस्ती करताना वरून काळा रंग मारलेला असतो. मी आता तीन गोष्टी जवळ ठेवते: एक छोटी बॅटरी, एक मऊ ब्रश आणि चिमूटभर टाल्कम पावडर. पावडर बोटाने चोळायची, वरची फुंकरून टाकायची, खाचेतली राहते. मग अंधार करून बॅटरीचा उजेड अगदी आडवा, अक्षरांना घासून जाईल असा सोडायचा. काका हयात असते तर म्हणाले असते, पोरगी शिलालेख वाचायला लागली.

काकांच्या दुर्बिणीवर जेबीनंतर दोन आकडे निघाले. पहिला स्वच्छ ‘४’. दुसरा ३ तरी आहे किंवा ८ तरी. इंग्रजी आकड्यांतला हा ३-८ चा घोळ मी बँकेत नोकरीला असताना चेकांवर पुष्कळ पाहिला होता. तिथे गिऱ्हाइकाला बोलावून विचारता येत असे.

त्या एका आकड्यापायी मी बाकीच्या दुर्बिणी विकत घ्यायला लागले, हे घरात कुणाला पटत नाही. पण खरं तेच आहे. आकडा वाचता येत नसेल तर सांगाडा वाचावा लागतो, आणि सांगाडे ओळखायचे तर पुष्कळ बघावे लागतात. पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तिथे गंजलेले पाने, रेडिओचे सांगाडे, पितळी कड्या यांच्या मध्ये वर्षाकाठी तीन-चार दुर्बिणी निघतातच. मुंबईच्या चोरबाजारात जास्त निघतात, पण तिथे भाव सांगणाऱ्याच्या डोळ्यांत आधीच समजतं की आपल्याला समजलंय. सध्या कपाटात २३ आहेत. त्यांतल्या निम्म्यांतून काही दिसत नाही. सून पाहुण्यांना सांगते, “आईंकडे तेवीस दुर्बिणी आहेत, आणि चष्मा सापडत नाही.”

तर सांगाडा. या दुर्बिणींचे मुख्य घाट दोन. एक जर्मन पद्धतीचा, झाइसच्या वळणाचा. त्यात लोलकांची, म्हणजे प्रिझमची, पेटी वेगळी आणि पुढची भिंगाची नळी तिच्यावर आटे देऊन बसवलेली. दोन्हींच्या सांध्यावर रेघ दिसते. दुसरा अमेरिकन, बॉश अँड लॉम्बच्या वळणाचा. त्यात पेटी आणि नळी एकसंध ओतलेली, खांद्यापासून खाली एकच उतार. जपानी कॅटलॉगांत यांना सरळ अक्षरं दिलेली असत: झेडसीएफ म्हणजे झाइस घाट आणि मधल्या चाकाने दोन्ही डोळे एकदम जुळवायचे, बीआयएफ म्हणजे बॉश अँड लॉम्ब घाट आणि प्रत्येक डोळा वेगळा फिरवून जुळवायचा. चोरी वगैरे काही नाही, उघड मोजमाप. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. आपल्याकडे दर्जी विचारतो ना, “कॉलर कुठला, मनिला की चायनीज?” तसंच.

मग आकडे. काकांची ८×३०. म्हणजे आठ पट मोठं दिसणार, पुढच्या भिंगाचा व्यास ३० मिलिमीटर. तिसाला आठाने भागा, पावणेचार मिलिमीटर येतात. एवढ्या जाडीचा उजेडाचा झोत डोळ्यात शिरतो. ७×५० असेल तर सात मिलिमीटरांहून थोडा जास्त, म्हणजे अंधारात पसरलेल्या बुबुळाच्या तोंडाएवढा, म्हणून ती बोटीवरच्या रात्रपाळीची. त्याखाली दिसण्याचं क्षेत्र. काकांच्या दुर्बिणीवर ७.५ अंश आणि हजार यार्डांवर ३९३ फूट, असं दोन्ही कोरलंय. मी त्रिकोणमिती काढून ताळा करून पाहिला, जुळला. सगळ्यांचा जुळतो असं नाही. कपाटातल्या एका दुर्बिणीवर लिहिलेलं क्षेत्र आणि आतून दिसणारं क्षेत्र यांत खेकडा आणि नांगी एवढा फरक आहे.

दुर्बीण हातभर लांब धरून उजळ भिंतीकडे तोंड करायचं आणि डोळ्याच्या भिंगात दिसणारं पांढरं वर्तुळ बघायचं. गोल स्वच्छ दिसलं तर लोलक बेरियमयुक्त, भारी काचेचे. वर्तुळाच्या कडा चारी बाजूंनी करड्या छायेने कापल्यासारख्या दिसल्या, आत चौकोन उमटला, तर साध्या बोरोसिलिकेट काचेचे. काकांच्या दुर्बिणीत चौकोन दिसतो. विलायती असती तरी ती साधीच विलायती असती. हे मी घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही.

हे सगळं मिळूनही कारखाना हाती लागत नाही, कारण कारखाना म्हणजे काय हाच प्रश्न आहे. टोकियोच्या वायव्येला इताबाशी नावाचा वॉर्ड आहे. जपानी सैन्याच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांचा हा भाग. हात्तोरींच्या सेइकोशा घड्याळ कारखान्याच्या मोजणी-उपकरणांच्या विभागातून १९३२ साली तोक्यो कोगाकु ही कंपनी निघाली, ती पुढे इताबाशीत आली. आज तिला टॉपकॉन म्हणतात. कोगाकु म्हणजे प्रकाशशास्त्र. ही कंपनी प्रामुख्याने लष्कराची, तर निप्पॉन कोगाकु (पुढची निकॉन) प्रामुख्याने नौदलाची. युद्धातल्या नौदलाच्या ७×५० वर ‘निक्को’ असं कोरलेलं सापडतं, ते निप्पॉन कोगाकुचं लघुरूप. तोक्यो कोगाकुचं ‘तोको’. १९४५ मध्ये लष्करही गेलं आणि नौदलही गेलं. काच घासायला, लोलक कापायला, आटे पाडायला शिकलेले हात मात्र तिथेच होते. त्यांनी गल्लीबोळांत छोटी छोटी दुकानं मांडली. एक घर फक्त लोलक घासणार, दुसरं भिंगं, तिसऱ्याकडे ओतीव धड, चौथ्याकडे रंग, पाचव्याकडे वरचं चामडं. शेवटी जुळवणारा हे सारं गोळा करून दुर्बीण बांधणार, समोर तारा किंवा दिवा धरून दोन्ही डोळ्यांची चित्रं एकावर एक बसवणार आणि तपासणीला पाठवणार. जेबी क्रमांक या शेवटच्याचा. बाकीच्या पाचांचा नाही.

आपल्याकडे इचलकरंजीत किंवा मालेगावात यंत्रमागांची जी वस्ती दिसते, सूत एकाचं, साइझिंग दुसऱ्याचं, माग तिसऱ्याचा आणि शिक्का व्यापाऱ्याचा, ती डोळ्यांसमोर आणा. फक्त आवाज कमी आणि धुळीऐवजी काच घासायच्या लाल पुडीचा चिखल.

या वस्तीतल्या मालाला बाहेरच्या जगात गिऱ्हाईक मिळालं त्याला आणखी एक कारण होतं. १९४९ पासून १९७१ पर्यंत डॉलरला ३६० येन हा ठरलेला भाव. अमेरिकन खरेदीदाराला त्या भावात जपानी दुर्बीण फुकटाएवढी वाटायची. भाव सुटा झाला, येन वधारला, आणि हळूहळू छोटी घरं बंद पडून स्वस्त काम कोरिया, हाँगकाँग आणि मग चीनकडे गेलं. काकांनी लंडनला पौंड मोजले तेव्हा ही उतरण नुकतीच सुरू झाली होती. सगळेच बुडाले असं नाही. सैतामा प्रांतातली कामाकुरा कोकी १९५० पासून दुसऱ्यांच्या नावाने दुर्बिणी बनवते आहे आणि पक्षी बघणाऱ्यांत जिचं नाव निघालं की लोक आवाज हळू करतात, ती स्विफ्टची ८.५×४४ ऑडबॉन हियोशी कोगाकुने घडवलेली होती. स्विफ्टच्या अनुक्रमांकात पहिले दोन आकडे सालाचे असतात, त्यामुळे तिची जन्मतारीख काढायला ज्योतिषी लागत नाही. माझ्याकडे ऑडबॉन नाही. मिळणारही नाही, कारण ज्याच्याकडे असते तो विकत नाही आणि त्याच्या मुलांना कळलेलं असतं.

माझ्या कपाटात सगळ्यात जुनी आहे ती एक ७×५०, वजनाने पाव वरवंटा. जुन्या बाजारात ती एका शिवणयंत्राच्या डोक्यावर ठेवलेली होती. तिच्यावर नाव गाव काही नाही, पण बिजागरीशी ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ कोरलंय. १९४७ पासून काही वर्षं निर्यातीच्या मालावर हे शब्द असायचे आणि २८ एप्रिल १९५२ ला अमेरिकेचा ताबा संपला तशी त्यांची गरज संपली. माल ओळखणाऱ्याला याहून सोयीची खूण नाही, पाच वर्षांच्या आत साल पक्कं होतं. ती मी ज्या दिवशी वाचली त्या दिवशी मात्र वहीत नुसतं साल लिहून पुढे जाता आलं नाही. आपण दुसऱ्याच्या ताब्यात आहोत हे स्वतःच्या हाताने धातूत कोरायचं, तेही ओळ सरळ यावी म्हणून पट्टी लावून. ओळ खरंच सरळ आहे. अक्षरांतलं अंतर सारखं आहे.

आणि त्याच देशाची सुरुवात बघा. २७ मे १९०५ ला त्सुशिमाच्या लढाईत मिकासा जहाजावर ॲडमिरल तोगो उभे होते, त्यांच्या गळ्यात झाइसची जर्मन दुर्बीण होती. डोळ्याची भिंगं फिरवली की पाच पट किंवा दहा पट. ज्या आरमाराने रशियाला बुडवलं त्याचे डोळे विकतचे होते. तिथून सहा वर्षांत, १९११ मध्ये, फुजिई बंधूंच्या भिंग कारखान्याने जपानची पहिली लोलकवाली दुर्बीण काढली, तिचं नाव ‘व्हिक्टर’. पहिल्या महायुद्धात जर्मन काच यायची बंद झाली तेव्हा १९१७ साली मित्सुबिशीच्या पाठबळावर निप्पॉन कोगाकु उभी राहिली, फुजिईंचा कारखाना तिच्यात गेला, आणि १९२१ मध्ये शिकवायला आठ जर्मन तंत्रज्ञ आले. निकॉन हे नाव पुढचं. त्याच १९२१ साली त्यांची तळहातात मावेल अशी ‘मिक्रॉन’ निघाली, जिच्या नव्या आवृत्त्या पुढेही निघाल्या. जपानी भाषेत दुर्बिणीला सोगानक्यो म्हणतात: जोडी, डोळा, आरसा. आपला शब्द फारसी, दूर बघणारी. त्यांच्या नावात माणसाचे दोन डोळे आहेत, आपल्या नावात अंतर आहे. (हे लिहून झाल्यावर वाटलं, उगाच काव्य होतंय. पण खोडत नाही.)

माझी वही साधी आहे. बँकेच्या लेजरसारखे उभे रकाने: वरचं नाव, आकडे, क्षेत्र, घाट, जेबी, इतर खुणा, कुठून आली. ‘इतर खुणा’ हा रकाना सगळ्यात भरत जातो. चाकावरच्या खाचा सरळ की तिरक्या. झाकणाला स्क्रू दोन की तीन. चामड्याचा दाणा बारीक की मगरीसारखा. डोळ्याच्या कपाचा काळा रंग उडाल्यावर खाली पितळ दिसतं की ॲल्युमिनियम. दोन वेगळ्या नावांच्या दुर्बिणी शेजारी ठेवल्या आणि या सगळ्या खुणा जुळल्या की मला लग्नात वधूवरांकडची माणसं दूरचे नातेवाईक निघाल्यासारखं होतं. सात क्रमांकाची आणि एकोणीस क्रमांकाची अशी जुळली. काकांच्या प्रिन्झला अजून कुणी जुळलेलं नाही. जेबीच्या रकान्यात तिच्यापुढे ‘४३/४८’ लिहिलंय, पेन्सिलीने.

त्या बुधवार पेठेतल्या गृहस्थांनी ती स्वच्छ करायला उघडली तेव्हा मी जिन्याखाली स्टुलावर बसून होते. पुढच्या नळ्या फिरवून काढल्या, झाकणं काढली, पितळी पट्टीखाली दाबलेले लोलक चिमट्याने उचलून फडक्यावर ठेवले. भिंगांवरची बुरशी पुसली गेली. एका लोलकावर तिने नक्षी कायमची कोरून ठेवली आहे, ती राहणार. दुसऱ्या लोलकाच्या न घासलेल्या, दुधी बाजूवर शिसपेन्सिलीची खूण होती. एक आडवी रेघ, तिच्यावर छोटासा बाक आणि शेजारी काहीतरी आकडा किंवा अक्षर. हा लोलक कुठल्या बाजूचा, कुठल्या जागेवर, कसा बसवायचा, हे जुळवणाऱ्याने स्वतःसाठी लिहून ठेवलेलं. असं पुष्कळ दुर्बिणींत असतं म्हणे. गृहस्थांनी कापूस स्पिरिटमध्ये बुडवला आणि माझ्याकडे बघितलं.

“ही पण पुसू?”

“नको, राहू दे.”

“आतली आहे. बाहेरून दिसायची नाही.”

“म्हणून तर.”

त्यांनी खांदे उडवले आणि लोलक होता तसा बसवला. वहीत ‘इतर खुणा’मध्ये मी ती रेघ आणि बाक जमेल तसा काढून ठेवलाय. माझा हात चित्रकलेला कच्चा, पण मूळ काढणाराही घाईत होता असं दिसतं.

मे महिन्यात ती रत्नागिरीला नेली. माडीवर चुलतभावाला सगळं सांगितलं: डिक्सन्स, इताबाशी, जेबी, सोनेरी लेबलाचा डाग, पाच घरांतून फिरून आलेली धडं आणि काचा. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. दुर्बीण डोळ्याला लावून दीपगृहाकडे बराच वेळ बघितलं, मधलं चाक थोडं पुढे-मागे केलं.

“घेतली कुठे अण्णांनी?” त्याने विचारलं.

“लंडनला.”

“मग विलायतीच की,” तो म्हणाला, आणि माझी पाळी आली तरी दुर्बीण काही दिली नाही.